अस्सल बरहुकूम नक्कल : तैलरंगातले व्यक्तिचित्र आपण कसे शिकलो

(कोलाड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



विषय चित्रकलेचा आहे आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे. तेव्हा ब्रश कसा धरावा हे सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही. ते सांगणारे चित्रकला-शिक्षक या सभागृहात बसलेले आहेत. पण अनुकरण म्हणजे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानात अडीच हजार वर्षे चालू आहे. आणि तैलरंगात माणसाचा चेहरा रंगवण्याची विद्या आपल्याकडे आली ती बहुतांशी अनुकरणाच्या वाटेने आली. म्हणून इतिहासाच्या निमित्ताने त्या प्रश्नाकडे बघू.

प्रश्न साधा आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली, हात चांगला असलेली मुले-मुली आपल्या गावागावांत आहेत. त्यांतले कोणी तैलरंगाकडे वळले की पहिले काय करते? एखाद्या नामांकित चित्रकाराचे वास्तववादी व्यक्तिचित्र समोर ठेवते आणि ते उतरवू लागते. मग घरात, शाळेत दोन प्रकारचे बोल ऐकू येतात. एक म्हणतो, 'वा, हुबेहूब!' दुसरा म्हणतो, 'नुसती नक्कल आहे, त्यात तुझे काय?' मूल बिचारे दोघांच्या मध्ये उभे. हुबेहूब म्हणणाऱ्याने त्याला फार लवकर थांबवले आणि नक्कल म्हणणाऱ्याने फार लवकर लाजवले, असे आमचे मत आहे. का, ते सांगतो.

'नक्कल' हा शब्द आपण आज जरा तुच्छतेने वापरतो. पण जुन्या दप्तरात बघा. मोडी कागदाची प्रत केली की तिच्यावर शेरा असे : अस्सल बरहुकूम नक्कल. म्हणजे मुळाप्रमाणे उतरवलेली प्रत. त्यात कमीपणा काही नव्हता, उलट ती जबाबदारी होती. आणि त्याला जोडून दुसरा शब्द येतो, रुजुवात. प्रत मुळाशी ताडून पाहणे म्हणजे रुजुवात. नक्कल करणे हे अर्धे काम, रुजुवात घेणे हे उरलेले अर्धे. आमचे आजचे सगळे म्हणणे या दोन शब्दांत आहे : नकलेने हात शिकतो, रुजुवातीने डोळा शिकतो. आणि रुजुवात घ्यायची तर अस्सल कोठे आहे, हे माहीत असावे लागते.

आता इतिहास. तैलरंग, म्हणजे जवसाच्या तेलात खललेला रंग, कॅनव्हासवर थरांनी चढवायचा, ही युरोपची रीत. आपल्याकडे भित्तिचित्रे होती, पोथ्यांतली लघुचित्रे होती, पैठणची चित्रकथी होती. पण छायाप्रकाशाने गोलाई आणून, समोर माणूस बसला आहे असे वाटायला लावणारे तैलचित्र आपल्या परंपरेत नव्हते. ते शिकवणारे घराणेही नव्हते. गायनाचे घराणे असते, तिथे शिष्य गुरूसमोर बसतो आणि गुरूचा स्वर उचलतो. ती नक्कलच असते, पण तिला आपण तालीम म्हणतो! तैलरंगाच्या बाबतीत तालीम द्यायला कोणी नव्हते.

१८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. सर जमशेटजी जिजीभॉय यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक तिथे आले. शिक्षणाची रीत युरोपीय अकादमीची : आधी छापील नमुने उतरवा, मग ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटने करा, मग पुढचे. म्हणजे जिवंत माणसापर्यंत पोचायच्या आधी नकलेच्या किती पायऱ्या! गंमत बघा, ज्या पुतळ्यांवरून मुंबईची मुले रेखाटन करत, ते पुतळे स्वतःच नकला होते. आणि मूळ ग्रीक पुतळ्यांपैकीही कित्येक आपल्याला रोमन प्रतींवरूनच ठाऊक आहेत.

त्याच काळात आपल्या महाराष्ट्रात नकलेचा एक प्रचंड उद्योग चालू होता. अजिंठ्याचा. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून पुढे कित्येक वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात प्रती केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळल्या. मग १८७२ पासून ग्रिफिथ्स जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. हे काम १८८५ पर्यंत चालले. पुन्हा मोठमोठे कॅनव्हास, पुन्हा तैलरंग, आणि १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यातल्याही बऱ्याच प्रती गेल्या. एवढेच नाही. चित्रे नीट दिसावीत म्हणून प्रती करणाऱ्यांनी मूळ भिंतींवर व्हार्निश लावले, आणि त्याने मुळाचे नुकसान झाले. नक्कल करताना अस्सलच बिघडले, असा हा प्रकार.

मग त्या श्रमाचे उरले काय? ग्रिफिथ्स यांचे १८९६-९७ मधले दोन मोठे खंड उरले, हे खरे. पण दुसरेही काही उरले. या कामावर जे तरुण विद्यार्थी होते त्यांत पेस्तनजी बोमनजी होते. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या रेषेमागे हात चालवलेला हा माणूस पुढे स्वतःच्या पारशी समाजातली माणसे तैलरंगात रंगवू लागला. त्यांचे १८८२ चे पोपटाला खाऊ घालणाऱ्या स्त्रीचे चित्र बघा. त्यात अजिंठा कोठेही दिसत नाही. दिसते ती सवय : समोरच्या गोष्टीसमोर न कंटाळता बसण्याची. प्रती जळल्या, पण ही सवय जळली नाही.

आता दुसरे उदाहरण, राजा रविवर्मा. जन्म १८४८, केरळातले किळिमानूर. त्रावणकोरच्या दरबारी तैलरंग जाणणारे रामस्वामी नायकर होते, त्यांनी शिकवायला नकार दिला असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले असते. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात व्यक्तिचित्रे करायला आला. त्यानेही शिकवले नाही, फक्त काम करताना बघू दिले. एकलव्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे, पण एकलव्यासमोर मातीचे द्रोणाचार्य होते. या तरुणासमोर ओला कॅनव्हास होता. कोणता रंग आधी पडतो, कोणता नंतर, कोठे हात थांबतो, हे त्याला दिसत होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा मुद्दा त्याच्यावर उभा आहे.

रविवर्म्यांचे महाराष्ट्राशी नाते आपण जाणतोच. बडोद्याला सयाजीरावांकडे त्यांनी काम केले, १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी, सरस्वती, दत्तगुरू घरोघरी पोचले. कोकणातल्या कौलारू घरांत, देवघराच्या भिंतीवर रविवर्म्याची लक्ष्मी नाही असे घर शोधावे लागे. आणि गावोगावच्या हौशी चित्रकारांना, नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांना, पाटीवर अक्षरे काढणाऱ्यांना पहिल्यांदाच 'वास्तववादी' चित्र हाताशी मिळाले. ते त्यावरून नकला करू लागले.

पण हा छापा होता! इथे फरक नीट समजून घेतला पाहिजे. शिळाछापात एकेका रंगासाठी वेगळा दगड असतो. एकावर एक ठसे उमटत जातात आणि लांबून पाहिले की तैलरंगाचा भास होतो. त्यात ब्रशचा मार्ग नसतो, थर नसतो, खाली दबलेला रंग नसतो. त्यावरून नक्कल करणाऱ्याला साडीच्या चुण्या मिळतात, बसण्याची ढब मिळते, दागिने मिळतात. रंग कसा चढवला ते मिळत नाही. म्हणून त्या काळच्या कितीतरी गावठी तैलचित्रांत बाह्यरेषा सुरेख आणि गाल मात्र पत्र्यासारखे सपाट. दोष हाताचा नव्हता. रुजुवात घ्यायला अस्सल समोर नव्हते. आणि आज मोबाईलच्या काचेवरून व्यक्तिचित्र उतरवणाऱ्या मुलाची अवस्था याहून फार वेगळी आहे, असे आम्हाला वाटत नाही. काचेवर सावलीदेखील उजळते, कारण मागून दिवा लावलेला असतो.

मग अस्सलासमोर बसून केलेली नक्कल नेमके काय शिकवते? हे थोडे तपशिलात बघू. यात आम्ही चित्रकारांकडून ऐकलेले, पाहिलेले सांगतो.

समजा, एका वृद्धाचे व्यक्तिचित्र समोर आहे. पहिल्यांदा चौकोन पाडून किंवा ओळंबा धरून मापे घेतली जातात. इथे पहिला धडा मिळतो : डोळे आपण समजतो तितके वर नसतात, ते डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. आपल्याला माहीत असते ते आणि आपल्याला दिसते ते, यांतले अंतर इथे उघडे पडते. मग टर्पेंटाईनने पातळ केलेल्या अंबरसारख्या तपकिरी रंगाने सावल्यांचे आकार भरायचे. डोळा, नाक, ओठ असे सुटे सुटे काढायचे नाहीत. एक मोठी सावली आहे, ती भुवईखालून निघून नाकाच्या बाजूने गालात उतरते, तिला एक देश मानून तिचा नकाशा काढायचा. मग त्यावर दाट रंग, खालचा थर पातळ आणि वरचा अधिक तेलकट, नाहीतर पुढे तडे जातात. प्रकाशाचा सगळ्यात उजळ ठिपका सगळ्यात शेवटी.

यात नक्कल करणाऱ्याला सतत एक प्रश्न पडतो. मूळ चित्रकाराने कान इतका अस्पष्ट का सोडला? कॉलरची कड एके ठिकाणी धारदार आणि दोन बोटे पुढे विरघळलेली का? हात आळशी असता तर सगळीकडेच विरघळली असती. म्हणजे तिथे निर्णय आहे. डोळ्यांकडे आपण बघावे म्हणून त्याने कानाचा त्याग केला. हे कळण्यासाठी तो कान स्वतःच्या हाताने अस्पष्ट करावा लागतो. नुसते बघून कळत नाही. तयार चित्र म्हणजे शेकडो निर्णयांची बेरीज असते, आणि नक्कल म्हणजे ती बेरीज पुन्हा सोडवून बघणे. उत्तर मागच्या पानावर छापलेले आहे, पण रीत आपल्याला करायची आहे.

युरोपने ही गोष्ट कधी लाजिरवाणी मानली नाही. रूबेन्सने टिशियनच्या नकला केल्या. १७९३ मध्ये लूव्र जनतेसाठी उघडले तेव्हा चित्रकारांना नकला करता याव्यात म्हणून खास दिवस राखले होते. तिथे आजही परवाना घेऊन नक्कल करता येते. अट अशी की प्रतीचे माप मुळापेक्षा वेगळे हवे आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. किती शहाणी अट! शिकायला मोकळीक, फसवायला बंदी. आमच्या मते इथल्या प्रत्येक चित्रकला वर्गाने ती भिंतीवर लिहून ठेवावी. चित्राखाली 'अमक्यांच्या चित्रावरून' असे लिहिले की चोरीचा प्रश्नच संपतो.

आपल्याकडेही असा विचार करणारा एक राजा झाला, औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते स्वतः चित्रकार. सातारा जिल्ह्यातल्या त्या लहानशा संस्थानात त्यांनी १९३८ मध्ये संग्रहालय उभारले. तिथे रविवर्म्यांची अस्सल चित्रे आहेत, आणि गाजलेल्या पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतीही आहेत. काही जाणकार या प्रतींकडे बघून नाक मुरडतात. पण ज्या मुलाला पॅरिस-फ्लॉरेन्स कधी दिसणार नाही, त्याच्यासाठी पूर्ण मापाची, हाताने रंगवलेली प्रत ही छापील चित्रापेक्षा कितीतरी जवळची गोष्ट आहे. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते पंडित सातवळेकर जे. जे.त शिकलेले व्यक्तिचित्रकार होते, आणि १९१८ पासून ते कित्येक वर्षे औंधात राहिले, हेही जाता जाता सांगतो.

मात्र नकलेची एक हद्द आहे. युरोपीय चित्रावरून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या पॅलेटवर गुलाबी गाल तयार असतो. तो घेऊन तो आपल्या आईचे चित्र करायला बसतो आणि अडतो. आपल्या कातडीत तांबूस कमी, मातकट पिवळा अधिक, सावलीत कधी हिरवट, कधी जांभळी झाक. कोलाडच्या बाजारात उन्हात बसलेल्या कातकरी बाईच्या कपाळावर जो निळसर उजेड पडतो, तो लंडनच्या कोणत्याच चित्रात नाही. गोव्याचे अँटोनियो झेवियर त्रिंदाद, पिठावाला, सावळाराम हळदणकर यांच्या पिढीने हे काम केले. युरोपीय रीत घेतली आणि आपल्या माणसांचा रंग समोर बघून शोधला. जे. जे.त ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९२० च्या सुमाराला, जिवंत मॉडेलवरून अभ्यास नीट रुजला. नकलेची पायरी ओलांडल्यावर काय करायचे, याचे उत्तर तिथे होते : चित्र बाजूला ठेवा, माणूस बसवा.

आता आमच्या विषयाकडे येतो. प्लेटो चित्रकारावर रागावला होता. खरी खाट कल्पनेत, सुताराची खाट दुसऱ्या पायरीवर, चित्रातली तिसऱ्या. त्या हिशेबाने आपल्या विद्यार्थ्याची नक्कल चौथ्या पायरीवर! ॲरिस्टॉटल मात्र म्हणाला की माणूस पहिले शिकतो ते अनुकरणातून, आणि त्यात त्याला आनंद होतो. आमच्या दृष्टीने या दोघांपेक्षा काश्मीरचे पंडित या प्रश्नात अधिक खोल गेले. शंकुक म्हणाला, नट हा रामाचे अनुकरण करतो, आणि आपण त्याला बघतो ते चित्रातल्या घोड्यासारखे. चित्रातला घोडा बघून आपण 'हा घोडा' म्हणतो. ते ज्ञान खरेही नाही, खोटेही नाही, संशयही नाही, नुसते साम्यही नाही. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. यावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी अगदी व्यवहारी शंका काढली. अनुकरण म्हणायचे तर मूळ पाहिलेले हवे. राम कोणी पाहिला आहे? मग अनुकरण कशाचे?

ही शंका पोथीतच राहिली असती तर आम्ही इथे काढली नसती. पण तिचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाने कागदपत्रांतून शोधले. वा. सी. बेंद्रे, जन्म पेणचा, १८९४. त्या काळी शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र पुस्तकांत छापले जात होते ते भलत्याच सरदाराचे होते. चित्रकार त्यावरून नक्कल करत, त्या नकलेवरून दुसरा नक्कल करी, आणि प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीशी हुबेहूब! रुजुवात होत होती, पण नकलेची नकलेशी. बेंद्र्यांनी डच साधनांतून मिळालेले महाराजांचे चित्र १९३३ मध्ये पुढे आणले आणि तो घोळ मिटवला. पुढच्या काळात महाराजांची जी तैलचित्रे झाली, कोल्हापूरच्या जी. कांबळे यांचे शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेले चित्र धरून, ती आज कचेऱ्यांत आणि शाळांत लागलेली आहेत. इथून रायगड किल्ला फार लांब नाही. ज्या राजाला आपण रोज हार घालतो त्याचा चेहरा कोणाचा, हा प्रश्न एका पिढीला पडलाच नव्हता. हुबेहूबपणा पुरेसा नसतो, तो यासाठी.

व्यक्तिचित्र हे एक विधान असते : 'हा माणूस असा होता.' विधान म्हटले की ते खरे किंवा खोटे ठरू शकते. फुलदाणीचे चित्र चुकले तर फुलदाणी तक्रार करत नाही. माणसाचे चित्र चुकले तर एका माणसाच्या जागी दुसरा बसतो. म्हणून व्यक्तिचित्र शिकणाऱ्याची नक्कल ही इतर नकलांपेक्षा अधिक जबाबदारीची.

आपल्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत ही गोष्ट कारागिरांना न शिकवता कळते. मूर्ती साच्यातून निघते. एका साच्यातून शेकडो. नवीन मुलगा आधी सांधे घासतो, मग अंगाचा रंग देतो, मग सोवळ्याचा. पण डोळ्यांची आखणी? ती जाणत्या हाताकडे जाते. साचा सगळे देतो, नजर देत नाही. नजर प्रत्येक मूर्तीत नव्याने आखावी लागते.

तेव्हा इथल्या शिकणाऱ्यांना आमचे सांगणे थोडके आहे. नक्कल करा, लाजू नका. पण शक्य तेव्हा अस्सलाकडे जा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रे आहेत, ती कोलाडहून एका दिवसात बघून येता येतात. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे आहेत, एक पुरुषवेषातले, एक स्त्रीभूमिकेतले. एकाच माणसाचे दोन चेहरे एकाच हाताने कसे वेगळे ठेवले, हे त्यांच्यासमोर तासभर उभे राहून बघा. छायाचित्रात ते दिसणार नाही. एक चित्र तीनदा उतरवा, तीन चित्रे एकेकदा उतरवू नका. खाली मूळ चित्रकाराचे नाव लिहा. आणि चौथ्या वेळी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा, घरातले एखादे वडीलधारे माणूस खिडकीजवळ बसवा, आणि त्याच रीतीने त्याला रंगवा. ते चित्र आधीच्या तिन्हींपेक्षा वाईट होईल. होऊ द्या. ते पहिले चित्र असेल ज्याची रुजुवात घ्यायला अस्सल माणूस समोर बसलेला आहे, आणि 'हे माझ्यासारखे दिसत नाही' असे म्हणायचा त्याला अधिकार आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.